काउंटरपलीकडच्या माणसासाठी काय करता येईल?

टंचाईची हूल उठली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. पहिला असतो, किती सामान भरून ठेवू? दुसरा जरा संकोचून विचारलेला असतो. बिलिंगची मुलगी सकाळपासून उभी दिसते, पोती वाहणाऱ्या पोराला घाम पुसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी काही करावंसं वाटतं, पण नेमकं काय करायचं? टिप दिलेली चालते का? मिठाईचा पुडा नेला तर? फेसबुकवर चार शब्द लिहिले तर? कधी नेमका उलटा प्रश्नही येतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले तर तक्रार करावी, की त्यात त्या बिचाऱ्या पोराचीच नोकरी जाईल?

माझं मत आधीच सांगून टाकते. दुकानातल्या कामगाराला खरा दिलासा दोनच गोष्टींनी मिळतो. एक, त्याच्यावरचं काम हलकं होणं. दोन, त्यानं निभावलेल्या कामाची नोंद त्याच्या वरिष्ठांपर्यंत लेखी पोचणं. टाळ्या आणि पेढे त्यानंतर. २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. २४ तारखेला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि तासाभरात आपल्यातलेच कितीतरी जण हातात पिशव्या घेऊन अर्ध्या ओढलेल्या शटरखालून दुकानात शिरत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं ५० लाखांचं विमाकवच जाहीर केलं, पण किराणा दुकानातले आणि मॉलमधले कामगार त्या योजनेत नव्हते. दुकानं मात्र ‘अत्यावश्यक’ म्हणून उघडी होती. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच परवानगी उरली. दिवसभराचं गिऱ्हाईक चार तासांत अंगावर येणं म्हणजे काय, हे काउंटरमागे उभं राहिलेल्यालाच विचारा.

आधी खात्री करा: टंचाई खरी की नुसती हूल?

हा प्रश्न कामगाराच्या कौतुकापासून दूरचा वाटेल, पण खरी सुरुवात इथूनच होते. खोट्या टंचाईत लागलेली प्रत्येक रांग कुणाच्या तरी पाठीवर आणि पायांवर विनाकारण पडते.

नोव्हेंबर २०१६ आठवा. नोटाबंदी होऊन तीन दिवस झाले होते आणि मीठ संपल्याची आवई उठली. दिल्ली, उत्तर प्रदेशात काही ठिकाणी किलोला दोनशे रुपये आणि त्याहूनही जास्त दर लागले. देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं आणि तिथं त्या आठवड्यात काहीही बिघडलं नव्हतं. याउलट ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस पाण्याखाली होता. तेव्हाची दूध-भाजीची चणचण खरी होती. भारतानं २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीसाठी झुंबड उडाली आणि काही दुकानांनी ‘कुटुंबामागे एकच पिशवी’ अशी पाटी लावली. तिथल्या मराठी घरांतूनही ‘आणखी एक मिळेल का’ असे फोन दुकानदारांना गेलेच असणार.

ओळखायचं कसं, तर स्वतःला एवढंच विचारा:

- रस्ता, रेल्वे, बंदर किंवा बाजार समिती प्रत्यक्ष बंद आहे का? असेल तर किती दिवस?
- हे सांगितलं कुणी? जिल्हाधिकारी कार्यालयानं, पुरवठा विभागानं, की ‘माझ्या मेहुण्याच्या ओळखीत’ सुरू झालेल्या फॉरवर्डनं?
- फळी रिकामी आहे की गोदाम? ‘पुढची गाडी कधी आहे?’ एवढं विचारलं तर दुकानातला माणूस बहुधा सरळ उत्तर देतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं खुलासेवार सांगायला हवं. मोठ्या दुकानांत मागची साठवणुकीची जागा लहान असते आणि माल रोजच्या खपाच्या अंदाजानं मागवला जातो. दुपारपर्यंत तिप्पट खप झाला की रॅक रिकामा दिसतो. माल कधी मागे खोक्यांत पडलेला असतो, कधी वाटेत ट्रकमध्ये असतो. तो रॅकवर यायला हात लागतात आणि ते हात त्या वेळी बिलिंगला, दाराशी किंवा भांडणं सोडवायला गुंतलेले असतात. म्हणून रिकाम्या फळीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तुमच्या एका फोटोमुळे दीडशे घरं संध्याकाळी त्याच दुकानात जातील.

किती घ्यावं?

सोपा मापदंड सरकारनंच दिला आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं. त्या हिशेबानं चौघांना पंधरा दिवसांसाठी गहू, तांदूळ, ज्वारी सगळं मिळून १० किलो होतं. घरात आधीचं काय आहे ते त्यातून वजा करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. तेवढं धरलं तरी चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम लागतं, म्हणजे किलोच्या एका पुड्यात महिना सरून वर मीठ उरतं. २०१६ला ज्यांनी मिठाची पोती नेली त्यांनी ती कशी संपवली असतील याचं मला अजून कुतूहल आहे.

वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरून ठेवायची आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण ते धान्य उन्हात वाळवलेलं, एरंडेल किंवा कडुनिंबाचा पाला लावून कोठीत भरलेलं असतं. घाबरून आणलेला दहा किलो रवा पावसाळ्यात महिन्याभरात किडे धरतो आणि शेंगदाणे खवट होतात. मग तेच सामान परत करायला तुम्ही त्याच काउंटरवर उभे राहता.

या गोष्टींचा साठा मात्र खरंच ठेवा: नेहमीची औषधं, तान्ह्या बाळाची दुधाची पावडर, मधुमेही किंवा आजारी माणसाचं पथ्याचं सामान. यांना दुसरा पर्याय नसतो.

दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत

कामगाराचं ओझं हलकं करायची खरी जागा ही आहे. यातलं काहीही खर्चिक नाही.

- वेळ निवडा. दुकान उघडण्याच्या वेळी माल लावणं सुरू असतं. शेवटच्या अर्ध्या तासात कॅश जुळवायची असते, फरशी पुसायची असते आणि कुणाला शेवटची बस पकडायची असते. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारची वेळ बरी. नोकरीमुळे जमत नसेल तर निदान बंद होताना शिरू नका.
- घरातला एकच माणूस जा, यादी घेऊन. कपाट उघडून आहे-नाही बघूनच यादी लिहा. वाण्याकडे जायचं असेल तर यादी आधी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘संध्याकाळी कधी येऊ?’ असं त्यालाच विचारा.
- नको झालेली वस्तू जागेवर ठेवा. पनीर साबणाच्या फळीवर टाकून गेलात तर ते फेकावं लागतं आणि रात्री दुकानभर फिरून अशा वस्तू गोळा करणं हे कुणाचं तरी रोजचं काम होऊन बसतं. जागा आठवत नसेल तर बिलिंगला सरळ सांगा, ‘हे नको आहे.’ त्यांना ते चालतं.
- मर्यादेला पळवाट काढू नका. ‘एका बिलावर तेलाच्या दोनच पिशव्या’ असं लिहिलं असेल तर मुलाला वेगळ्या रांगेत उभं करू नका. हा नियम व्यवस्थापनानं केलेला असतो. कॅशियरला तो मोडायचा अधिकार नसतो आणि मोडला तर बोलणी तिलाच बसतात.
- पट्ट्यावर सामान नीट मांडा. जड आधी, अंडी-टोमॅटो शेवटी, बारकोड वर. सुटी भाजी वजन करून, दराची चिठ्ठी चिकटवूनच आणा. रांगेत असतानाच यूपीआय उघडून ठेवा. रोख देणार असाल तर पाचशेची नोट पुढे करण्याआधी पाकिटात सुटे पैसे पाहा.
- फोन ठेवा आणि कॅशियरकडे बघा. कानाला फोन लावून कार्ड पुढे करणं हा तर मला साधा उर्मटपणा वाटतो.
- ट्रॉली परत जागेवर लावा.

रांगेत कुणी कॅशियरवर आवाज चढवत असेल तेव्हा गप्प राहू नका. भांडण वाढवायचं नसतं. ‘दादा, त्यांच्या हातात नाहीये ते, मॅनेजरना बोलवूया का?’ एवढं शांतपणे म्हणालात तरी पुरतं. काउंटरमागच्या माणसाला गिऱ्हाइकाला उलट बोलता येत नाही, तुम्हाला येतं. पाच मिनिटांत यापेक्षा मोठी मदत तुम्ही करू शकणार नाही.

प्रकरण अंगावर येण्यापर्यंत गेलं, तर ११२.

जे डोळ्यांना दिसत नाहीत

‘कामगार’ म्हटलं की आपल्याला बिलिंगची मुलगी दिसते. तिच्यामागे आणि भोवती बरेच जण असतात: पहाटे गाडी उतरवणारे लोडर, रॅक भरणारी मुलं, दाराशी बिलावर शिक्का मारणारा सुरक्षारक्षक, सांडलेलं तेल पुसणाऱ्या हाउसकीपिंगच्या मावशी. एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घालून चहाची पावडर दाखवणारी मुलगी दुकानाची नोकरदार नसतेच, तिला कंपनीच्या एजन्सीनं पाठवलेलं असतं. यातले अनेक जण कंत्राटी असतात. दुकानाच्या मालकानं खूश होऊन कर्मचाऱ्यांना बक्षीस दिलं तरी ते या लोकांपर्यंत पोचेलच असं नाही.

त्याही मागे बाजार समितीतले माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि डोक्यावर गोणी वाहणाऱ्या माणसाला मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. २०२०च्या मे महिन्यात करोनाच्या फैलावामुळे वाशीची बाजारपेठ काही दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हा मुंबईचा कांदा-बटाटा कुणाच्या खांद्यावरून येतो हे शहराला जरा कळलं.

म्हणून कौतुक करायचं तर नुसतं ‘कॅशियर ताईंचं’ करू नका. त्या पाळीतल्या सगळ्यांचं करा.

टिप, मिठाई, भेटवस्तू: काय चालतं?

सुपरमार्केट आणि वाण्याचं दुकान यांत इथं मोठा फरक पडतो.

मोठ्या साखळी दुकानांत काउंटरवरच्या माणसाला रोख टिप देऊ नका. अनेक ठिकाणी ती घ्यायला मनाई असते. वर कॅमेरा असतो, आणि गल्ल्यात पैसे कमी-जास्त भरले तर हातातल्या त्या पन्नासाच्या नोटेवरून संशय घेतला जातो. तुमच्या चांगुलपणाचा जाब त्या माणसाला द्यावा लागेल. वस्तू द्यायची असेल तर आधी स्टोअर मॅनेजरला विचारा आणि पाळीतल्या सगळ्यांना पुरेल अशी द्या. बंद पाकिटातले राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, ताकाचे पॅक चालतात. सुटं, घरी केलेलं खाणं अशा गर्दीत ठेवायला जागा नसते आणि खायला वेळ नसतो. आणि ही पाकिटं जेवणाच्या सुट्टीच्या खोलीत पोचवायला सांगा. काउंटरवर ठेवलंत तर रांग तिथंच अडेल.

वाण्याच्या दुकानातली मुलं मात्र तुमच्या रोजच्या ओळखीची असतात. मुंबई-पुण्यात त्यांतली पुष्कळशी राजस्थान, कच्छ, उत्तर प्रदेशातून आलेली, दुकानाच्याच पोटमाळ्यावर झोपणारी. यांना दिवाळीचं पोस्त द्यायची रीत आहेच. गर्दीचा आठवडा उलटल्यावर तसंच काही हातावर ठेवायला हरकत नाही, पण मालकादेखत आणि सगळ्या मुलांना सारखं. शेठला ‘तुमची मुलं फार राबली हो’ असं त्यांच्यासमोर म्हणा. पगारवाढ होणार नाही, पण ते शेठच्या कानावर पडलं पाहिजे.

फोटो आणि व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका. कौतुकाच्या रीलमध्ये झळकलेल्या मुलीच्या घरी कदाचित ती कुठं काम करते हे सांगितलेलंही नसेल.

दोन ओळी लिहा, पण नीट लिहा

मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगाची भेट हीच. दुकानांत तक्रारींचं रजिस्टर भरतं, कौतुकाचं रिकामं राहतं. वार्षिक मूल्यमापनात किंवा कंत्राट वाढवताना एक लेखी शाबासकी उपयोगी पडू शकते. तोंडी ‘थँक यू’ त्या कागदावर उतरत नाही.

काय लिहायचं?

- दुकानाची शाखा, तारीख आणि वेळ. बिलावर हे सगळं छापलेलं असतं, बऱ्याचदा कॅशियरचं नाव किंवा क्रमांकही.
- नेमकं काय घडलं. ‘सेवा उत्तम’ कुणी वाचत नाही.
- कुणाला पाठवायचं: स्टोअर मॅनेजरला, आणि बिलावरच्या ग्राहकसेवा ई-मेलवर मुख्य कार्यालयाला. दोन्हीकडे पाठवा.

नमुना असा:

‘शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तुमच्या शाखेत फार गर्दी होती. काउंटर क्र. ४ वरच्या ताईंनी माझ्या पुढच्या वृद्ध गृहस्थांचं सामान स्वतः पिशवीत भरून दिलं आणि रांगेतल्या लोकांना शांतपणे समजावलं. मागून एक कर्मचारी सतत तांदळाची पोती आणून रॅक भरत होते. या पाळीतल्या सगळ्यांचं काम पाहून समाधान वाटलं. काउंटरमागे बसायला खुर्ची दिसली नाही, ती मिळावी अशी विनंती आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. कौतुकासोबत एक मागणी जोडा. गिऱ्हाइकानं केलेली मागणी व्यवस्थापन ऐकतं, कामगारानं केली तर ती कुरकुर ठरते.

गूगलवर लिहिणार असाल तर पूर्ण नाव घालू नका. ‘संध्याकाळच्या पाळीतल्या बिलिंगच्या ताई’ एवढं पुरे.

खुर्चीबद्दल थोडं जास्त

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसण्याची सोय हवी, हे कारखान्यांपुरतं १९४८च्या कारखाने अधिनियमातच होतं. दुकानांतल्या बायका मात्र वर्षानुवर्षं दहा-दहा तास उभ्या राहिल्या. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना गिऱ्हाईक नसतानाही बसू देत नसत. स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नसत. शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी उभ्या केलेल्या ‘पेनकूट्टू’ या बायकांच्या संघटनेनं ही गोष्ट लावून धरली आणि २०१८मध्ये केरळनं दुकाने कायदा बदलून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१मध्ये तमिळनाडूनंही तशीच दुरुस्ती केली.

यात गिऱ्हाइकाचा भाग काय? ‘बसलेली दिसली तर गिऱ्हाइकांना आवडत नाही’ ही सबब मालक आपल्या नावावर सांगतात. ती खोटी पाडणं आपल्या हातात आहे. कॅशियर बसून बिल करत असेल तर करू द्या. खुर्ची नसेल तर विचारा, ‘यांना बसायला काही नाही का?’ आणि पाणी? गर्दीच्या दिवशी बाटली उचलायला दहा सेकंद लागतात. ‘पाणी प्या आधी, मी थांबते’ म्हणायला आपल्याला तेवढेही लागत नाहीत.

हक्क सोडू नका, फक्त योग्य दारावर मागा

कामगाराची कदर करायची म्हणजे लूट सहन करायची असं नाही. साठेबाजी आणि जादा दर यांविरुद्ध तक्रार करणं हे उलट कामगाराच्याही भल्याचं आहे, कारण मालकानं वाढवलेल्या दराच्या शिव्या तोच खातो. कुठली गोष्ट कुणाच्या हातात असते हे मात्र समजून घ्या.

- छापील किमतीपेक्षा जास्त दर: पाकीटबंद वस्तू छापील कमाल किमतीहून जास्त दरानं विकता येत नाही, टंचाईतही नाही. बिल मागा, पाकिटाचा फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर किंवा जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात तक्रार करा. तक्रार दुकानाच्या नावावर होते. त्यात नोकराचं नाव घालायची गरज नाही.
- रॅकवर एक दर, बिलावर दुसरा: गर्दीच्या दिवशी लेबल बदलायचं राहून जातं. रॅकच्या लेबलाचा फोटो असेल तर मॅनेजरकडे दाखवा. कॅशियरला संगणक जो दर दाखवतो तोच लावता येतो.
- कॅरीबॅगचे पैसे: आधी न सांगता बिलिंगला पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२०मध्ये ठरवलं. वाद घालायचा तर कंपनीशी घाला. आणि खरं सांगू का, पिशवी घरूनच न्या.
- मोबाइल नंबरची सक्ती: नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असं दुकानानं म्हणू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३मध्ये केली आहे. ‘नंबर द्यायचा नाही’ असं हसून सांगा. कॅशियरला विचारायला लावलेलं असतं, म्हणून ती विचारते.
- साठेबाजी: १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानं सरकार एखादी वस्तू अधिसूचित करून तिच्या साठ्यावर आणि दरावर बंधन घालू शकतं. मार्च २०२०मध्ये मास्क आणि सॅनिटायझर या कायद्याखाली आणले गेले आणि सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा लागली. अशी अधिसूचना असताना कुणी माल दाबून ठेवत असेल तर पुरवठा विभागाकडे किंवा तहसीलदारांकडे कळवा.

कामगारानंच खरोखर वाईट वागणूक दिली तर? द्या तक्रार. पण एक रात्र जाऊ द्या आणि मग लिहा. बाराव्या तासाला कुणी एकदा तुसडं बोललं तर ते मी सोडून देते. फसवणूक किंवा भेदभाव असेल तर सोडत नाही.

घरपोच मागवताय?

गर्दी टाळायची म्हणून ऑनलाइन मागवणं ठीक. फक्त ती गर्दी नाहीशी होत नाही, गोदामातल्या पोरांकडे आणि दुचाकीवरच्या मुलाकडे जाते. म्हणून दिवसातून चारदा दोन-दोन वस्तू न मागवता आठवड्याचं एकदम मागवा. लिफ्ट नसेल तर पाण्याचे कॅन आणि पिठाची पोती तळमजल्यावर उतरवून घ्या. रस्ते तुंबले असताना उशीर झाला म्हणून एक तारा देऊ नका. त्या आकड्यावर त्याची पुढची कामं ठरू शकतात. टिप रोख द्या, ती थेट हातात पडते.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत एक विषय मांडा: डिलिव्हरीवाल्यांना मुख्य लिफ्ट वापरू न देणारी पाटी. आपल्याच घरचा तांदूळ घेऊन येणाऱ्याला जिन्यानं पाठवणाऱ्या सोसायटीत कौतुकाचे फलक लावू नयेत. त्याच सभेत डिलिव्हरीवाल्यांना वॉचमनच्या केबिनशेजारी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह वापरू देण्याचा ठराव करून घ्या.

तुमच्या घरातलं कुणी दुकानात कामाला असेल तर

हा भाग वाचणाऱ्यांत पुष्कळांची मुलगी, भाऊ, सून अशा दुकानात असेल. गर्दीच्या दिवसांत ‘सगळेच थांबतायत’ म्हणून थांबलेल्या तासांचं काय होतं, तर बहुतेकदा काहीच होत नाही. म्हणून एवढं माहीत असू द्या:

- जादा तास: महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. ती १० करण्याचा आणि हे नियम २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लावण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५मध्ये घेतला. मर्यादेपलीकडच्या तासांना दुप्पट दरानं वेतन हे तत्त्व मात्र कायम आहे.
- आठवड्याची सुट्टी: ती बुडवून कामावर बोलावलं तर बदली सुट्टी मागा.
- कॅश कमी भरली: दिवसाच्या शेवटी गल्ल्यात तूट आली की पगारातून कापायची पद्धत सर्रास आहे. कामगाराच्या हलगर्जीनं नुकसान झालं असेल तरच कपात करता येते, आणि त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पाळी बदलताना कॅश मोजून, सही घेऊनच गल्ला सोडा.
- गिऱ्हाइकाकडून त्रास: स्त्री कर्मचाऱ्याला ग्राहकानं छळलं तरी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार सुरक्षित वातावरण ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.
- नोंद ठेवा: रोज आल्या-गेल्याची वेळ छोट्या वहीत किंवा फोनमध्ये लिहा. पाळीचं वेळापत्रक भिंतीवर लागलं की त्याचा फोटो काढून ठेवा. एजन्सीचं नाव, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक हे एका जागी असू द्या. दाद मागताना हीच कागदपत्रं उपयोगी पडतात.

तक्रार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करायची. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर दोघा-तिघांनी मिळून सह्या करा, किंवा भागातल्या कामगार संघटनेमार्फत अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. आणि गिऱ्हाईक म्हणून गेलेलं असताना चौदा वर्षांखालचं मूल पोती उचलताना दिसलं, तर १०९८वर कळवा. तुमचं नाव सांगायची सक्ती नाही.